पहिला नंबर कोणत्या यंत्राचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



भिवंडी तालुक्यातले दापोडे हे माझे गाव. ठाण्याहून भिवंडीकडे येताना कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. त्याच पट्ट्यात, अंजूरफाट्याहून माणकोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे दापोडे आहे. माझ्या लहानपणी इथे भाताची शेते होती. आता नजर जाईल तिथवर गोदामांची पत्र्याची छपरे दिसतात. मुंबईला लागून, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून माल इथे उतरू लागला आणि शेतांचे गाळे झाले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. औषधे, कपडे, टीव्ही, मोबाइल आणि कॉम्प्युटरचे सुटे भागसुद्धा आज या गाळ्यांतून बाहेर जातात.

या सुट्या भागांविषयीच आज मला बोलायचे आहे. दुकानातून तयार कॉम्प्युटर न आणता प्रोसेसर एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, कॅबिनेट तिसरीकडून आणायचे आणि घरी बसून स्क्रू ड्रायव्हरने सगळे जुळवायचे, असा एक नाद असतो. मला तो पंचवीस वर्षांपासून आहे. आणि या नादाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे तुलना. ‘तुझे यंत्र किती वेगात चालते, माझे किती?’ ज्या गावांनी बैलगाड्यांच्या शर्यती पाहिल्या आहेत, त्यांना ही हौस समजावून सांगावी लागत नाही. आपल्या बैलजोडीपेक्षा शेजाऱ्याची जोडी पुढे गेली, तर त्या रात्री जेवण गोड लागत नाही. आमचेही तसेच होते.

ही हौस काही आपल्याकडेच जन्मली नाही. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क या गावी एका घराच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. निमित्त होते ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राचे. हे यंत्र सुट्या भागांच्या पेटीतून मिळे आणि घेणाऱ्याने ते स्वतः डाग देऊन जोडायचे. त्याची मूळ स्मृती होती अवघी २५६ बाइट, म्हणजे आपल्या देवनागरीतल्या तीन-चार ओळीसुद्धा तीत मावल्या नसत्या. तरी लोक आपापली यंत्रे घेऊन येत, उघडून दाखवत, एकमेकांच्या चुका काढत. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हे त्या मंडळाचे नाव. स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपले ‘अॅपल-१’ हे यंत्र याच मंडळींपुढे मांडले. म्हणजे आपण जुळवलेले यंत्र दुसऱ्याला दाखवणे ही या क्षेत्रातली पहिल्या दिवसापासूनची रीत आहे.

सुटे भाग एकमेकांत बसतात याचे श्रेय मात्र नंतरच्या दोन घटनांना द्यावे लागेल. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याची रचना बरीचशी उघडी ठेवली होती. त्यामुळे इतरांना त्यात बसतील असे भाग करता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे एक माप ठरवून दिले. मदरबोर्डचा आकार केवढा, स्क्रूची भोके कुठे, विजेची जोडणी कशी, हे सगळे त्यात ठरले. शिवणयंत्राची सुई कोणत्याही दुकानातून आणली तरी बसते ना? त्यातलाच प्रकार. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या मालाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भाग घेतला आणि या मालावरची आयात-जकात टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली. मग आमच्यासारख्या मध्यमवर्गी मुलांनाही हा नाद परवडू लागला.

परवडू लागला म्हणजे कसा, तेही सांगतो. २००१-०२ मध्ये दापोड्याहून रिक्षाने ठाणे, ठाण्याहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण त्या नावाने दुकान विचारणारा कोणी मला भेटला नाही. एका दुकानातून भावांची चिठ्ठी घ्यायची, ती दुसऱ्या दुकानात दाखवायची, तिथून पन्नास रुपये कमी करून तिसऱ्या दुकानात जायचे. डॉलर वर गेला की सकाळचा भाव संध्याकाळी मिळत नसे. मॉनिटर तेव्हा काचेच्या जाड नळीचे असत. तो खोका छातीशी धरून मालडब्यातून परत यायचे. घरी आल्यावर आई विचारी, ‘एवढे पैसे घातले, आणि हे अजून जोडायचंच आहे?’

तर अशा आम्हा चौघांची चार यंत्रे होती. पहिले माझे. मी एका गाळ्यात हिशोबनीस होतो, लग्न व्हायचे होते, पगार हातात राहायचा. २००२ च्या सुरुवातीला मी त्या वेळचा अगदी वरच्या दर्जाचा प्रोसेसर घेतला आणि त्याच्याबरोबर ‘आरडी-रॅम’ जातीची रॅम. ही रॅम महाग होती आणि जोडीजोडीनेच लावावी लागे. गंमत म्हणजे ज्या खाचा रिकाम्या राहतील त्यांतही एक पोकळ पट्टी बसवावी लागायची, नाहीतर यंत्र सुरूच होत नसे. मला मात्र त्यातही मोठेपणा वाटायचा.

दुसरे यंत्र काल्हेरच्या एका मित्राचे. त्याने ‘अॅथलॉन एक्सपी १८००+’ हा प्रोसेसर घेतला होता. इथे तुलनेतला पहिला खाचखळगा लक्षात घ्या. १८०० हा आकडा त्या प्रोसेसरच्या ठोक्यांचा नव्हता. तो प्रत्यक्षात १५३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. पण एका ठोक्यात जास्त काम करत असल्याने कंपनीने त्याला वेगाचा नव्हे, तर कामाच्या मानाने आकडा दिला होता. मी त्याला चिडवत असे, ‘तुझा आकडा खोटा.’ माझा आकडा खरा होता, पण त्या आकड्याला अर्थ किती, हे मला कळत नव्हते.

तिसरे यंत्र अंजूरच्या एका ताईचे. ती डिप्लोमा करून तीन-चार लहान व्यापाऱ्यांच्या मालाची आवक-जावक कॉम्प्युटरवर लिहून द्यायची. घरच्या ओसरीवरच तिचे ऑफिस. तिचे अर्धे भाग जुन्या बाजारातले होते, पण काम चोख.

आणि चौथे माझ्या मामांचे. मामा यंत्रमाग दुरुस्त करणारे. भिवंडीतल्या मागांच्या खडखडाटात त्यांची उमर गेलेली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांना कॉम्प्युटरची गोडी लागली. त्यांचे यंत्र सर्वांत स्वस्त. साधा सेलेरॉन प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, पत्र्याचे कॅबिनेट कुठल्याशा भंगारातले. पण त्यांनी ते जमिनीपासून चार फूट उंच फळीवर ठेवले होते, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आतून मागावरच्या विरळ विणीच्या कपड्याचा तुकडा ताणून बसवला होता.

रविवारी दुपारी आम्ही मामांच्या शेडमध्ये जमायचो. तिथले चार माग विकून झाले होते, जागा रिकामी होती. कॅबिनेटे रिक्षात घालून आणायची, मॉनिटर एकच वापरायचा. तुलना कशी व्हायची? थ्रीडीमार्क नावाचा एक प्रोग्राम होता. तो पडद्यावर चित्रे पळवायचा आणि शेवटी एक आकडा द्यायचा. ज्याचा आकडा मोठा, तो पहिला. २००२ मध्ये सलग पाच रविवार माझा पहिला नंबर आला. मामांच्या यंत्रावर तर तो प्रोग्राम शेवटपर्यंत चाललाच नाही. आम्ही हसलो. मामाही हसले. मग म्हणाले, ‘अरे, मागाचा वेग फेऱ्यांवर मोजत नाहीत. दिवसाअखेर किती मीटर कापड निघालं, त्यावर मोजतात. पळणारा माग तासाला दहा वेळा धागा तोडत असेल, तर त्या थांबलेल्या वेळाचा हिशोब कुणी धरायचा?’

त्यांनी पुढच्या वेळेपासून चार नियम घातले. एक, काम खरे हवे. आपल्यापैकी कोणाच्या तरी पोटापाण्याचे. दोन, चारही यंत्रे एकाच जागी, एकाच वेळी चालवायची. एक घरी पंख्याखाली आणि दुसरे पत्र्याखाली असे चालणार नाही. तीन, प्रत्येक काम तीनदा करायचे आणि मधला आकडा घ्यायचा. चार, आकड्याशेजारी यंत्राची किंमत लिहायची.

खरे काम म्हणून ताईची साठ्याची फाइल घेतली. तिचा हिशोब फॉक्सप्रोमध्ये होता, डॉसवर चालणारा. हजारो नोंदी क्रमाने लावायच्या, बेरजा घ्यायच्या, मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायच्या. निकाल काय लागला ऐका. नोंदी क्रमाने लावण्यात काल्हेरच्या मित्राचे यंत्र पहिले आले. कारण त्याचा प्रोसेसर नव्हे, त्याची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी होती, बाकीच्यांची ५४०० फेऱ्यांची. मी सगळे पैसे प्रोसेसर आणि रॅममध्ये घालून डिस्कवर काटकसर केली होती. आणि छपाईत? चारही यंत्रांना सारखाच वेळ लागला. प्रिंटरची सुई जितक्या वेगाने आपटेल तितक्याच वेगाने ओळ निघणार. मामांचे यंत्र आणि माझे यंत्र, किमतीत तिपटीचा फरक, आणि ताईच्या दृष्टीने दोघांत फरक शून्य!

मला तेव्हा फार राग आला होता, हे कबूल करतो. मी म्हणालो, ‘हे काही यंत्राचं माप नाही.’ मामा म्हणाले, ‘मग कशाचं आहे?’ मला उत्तर देता आले नाही.

मे महिन्यात दुसरा धडा मिळाला. दुपारी तीन वाजता त्या पत्र्याखाली यंत्रे लावली. माझे यंत्र वीस मिनिटांत अडखळू लागले. त्या पिढीतल्या काही प्रोसेसरांत अशी सोय होती की फार तापले की ते स्वतःच आपला वेग उतरवत. ज्यांत नव्हती ते जळत. २००१ मध्ये एका चाचणीत पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढून घेतल्यावर एक प्रोसेसर क्षणात धुराला लागला आणि दुसरा नुसता मंदावला, याची तेव्हा जगभर चर्चा झाली होती. माझे कॅबिनेट उघडून पाहिले तर पंख्याखालच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंची गादी बसली होती. भिवंडीची हवाच तशी. मामांच्या त्या कपड्याच्या तुकड्याने त्यांचे यंत्र स्वच्छ ठेवले होते. कापड विरळ हवे, दाट असले तर हवाच आत जात नाही, आणि दर पंधरवड्याला झटकायला हवे, एवढेच त्याचे पथ्य.

हे रविवार पुढे तीन वर्षे चालले. दर वेळी ताईची ताजी फाइल चारही यंत्रांवर चढवायची, वेळ मोजायचा, वहीत लिहायचा. मग २००५ चा जून उजाडला आणि माझ्या यंत्राच्या रॅमच्या जोडीतली एक पट्टी गेली. लॅमिंग्टन रोड पालथा घातला. ती जात तोवर बाजारातून उठली होती. काल्हेरच्या मित्राकडे जादा रॅम होती, ताईकडे होती, मामांकडे होती. माझ्या खाचेत एकही बसेना. सलग पाच रविवार पहिले आलेले यंत्र फडक्याने झाकून ठेवावे लागले.

आणि मग २६ जुलै आला. श्रोतेहो, तो मंगळवार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबई बुडाली, आणि मुंबईबाहेर कल्याण, भिवंडी, आमची खाडीकाठची गावेही. गाळ्यांमध्ये पाणी शिरले. खालच्या थरातला माल भिजला. ताईच्या ओसरीवर कमरेएवढे पाणी होते. तिचे कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर होते, ते रात्रभर पाण्यात होते. कागदी वह्या लगदा झाल्या. टेबलावरचा प्रिंटर तेवढा वाचला.

दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती कॅबिनेट उघडून बसली होती. हार्ड डिस्क हातात घेऊन म्हणाली, ‘दादा, वीज आली की लावून बघते.’ मामा बरोबर होते. ते एकदम म्हणाले, ‘ताई, ओल्या यंत्राला वीज दाखवायची नाही. पाण्यानं जेवढं मरत नाही तेवढं त्या घाईनं मरतं.’ खरे होते. त्या काळच्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असे. गढूळ पाणी आत गेले असेल तर फिरवताच आतली तबकडी खरवडून निघते. पण ताईच्या डोळ्यांत पाणी होते ते डिस्कसाठी नव्हे. तिच्या चार व्यापाऱ्यांकडे विमा कंपनीचा सर्व्हेअर यायचा होता. कोणत्या गाळ्यात २६ तारखेला कोणता माल किती होता, हे दाखवता आले नाही, तर भरपाई कशाची मागणार? त्यातल्या एकाने तर कर्ज काढून माल भरला होता.

तेवढ्यात मामांना आठवले. २४ तारखेला रविवार होता. पाऊस असूनही आम्ही जमलो होतो. ताईची शनिवारपर्यंतची फाइल तुलनेसाठी सगळ्यांच्या यंत्रांवर चढवली होती. माझे बंद होते, पण मामांच्या आणि काल्हेरच्या यंत्रावर ती होती. काल्हेरच्या मित्राने, तुलना झाली म्हणून, त्याच रात्री जागा मोकळी करायला ती पुसून टाकली होती. मामांच्या डिस्कवर मात्र ती शाबूत होती.

मामांच्या शेडमध्ये पाणी फळीपर्यंत चढले नव्हते, पण पत्र्याला गळती लागून मदरबोर्डवर पाणी ठिबकले होते. खालच्या खणातली डिस्क कोरडी होती. काल्हेरच्या मित्राचे घर पहिल्या मजल्यावर, त्याचे यंत्र कोरडे. पण चौथ्या दिवशी वीज आली ती लपलपत आली, आणि त्याचा एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारी पेटी, फट्कन आवाज करून गेली. दुकाने बंद, गाड्या विस्कळीत. लॅमिंग्टन रोड दूरच राहिला.

मग आम्ही एक यंत्र जुळवले. काल्हेरचा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम. मामांची हार्ड डिस्क. ताईचा प्रिंटर. आणि माझ्या झाकून ठेवलेल्या, एके काळच्या पहिल्या नंबरच्या यंत्रातून काय उपयोगी पडले? एसएमपीएस आणि तीन स्क्रू. कॅबिनेटसुद्धा घेतले नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मदरबोर्ड आडवा ठेवला आणि मी श्वास रोखून दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून ते सुरू केले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली. ताईने फॉक्सप्रो उघडले. शनिवारपर्यंतची प्रत्येक नोंद तिथे होती. सोमवार-मंगळवारच्या नोंदी ट्रकवाल्यांकडच्या चलनांवरून तिने रात्री बसून भरल्या. सकाळी सात वाजता प्रिंटर कुरकुरू लागला, तो दुपारपर्यंत थांबला नाही. चारही व्यापाऱ्यांच्या हातात साठ्याचा कागद पडला.

भातलावणीच्या वेळी आपल्याकडे सावड करतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. त्या दिवशी आम्ही यंत्रांची सावड केली. आणि ती होऊ शकली कारण ते भाग एकाच मापाचे होते. जे भाग वेगळ्या जातीचे होते, माझी ती राजेशाही रॅम, तिच्यावर बसलेला माझा प्रोसेसर, ते सावडीला आले नाहीत. मामांचा मदरबोर्ड पंधरा दिवस उन्हात वाळवून मग लावला. तो पुढे चार वर्षे चालला. ताईची डिस्क मात्र कायमची गेली.

आज वीस वर्षे झाली. मामा आता नाहीत. ताई स्वतःची फर्म चालवते. भाग आणायला ग्रँट रोडला जावे लागत नाही. मोबाइलवर मागवले की येतात. कधी कधी तर खोक्यावरचा पत्ता पाहिला की कळते, माल निघाला आपल्याच शिवारातल्या गाळ्यातून आणि भलताच वळसा घालून पुन्हा आपल्याच दारात आला. गावातली मुले कॅबिनेटला काचेचा पडदा लावतात, आत रंगीत दिवे लावतात, आणि तुलना करतात ती पुन्हा एकाच आकड्याची. मी त्यांना हसत नाही. मी त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हतो. पण ती माझ्याकडे सल्ला मागायला येतात, तेव्हा मी त्यांना काही गोष्टी सांगतो. त्या तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, आकडा मोठा म्हणजे यंत्र मोठे नव्हे. २००६ मध्ये इंटेलचा ‘कोअर २ ड्युओ’ आला. त्याचा १.८६ गिगाहर्ट्झचा लहान भाऊसुद्धा, त्याच कंपनीच्या तीन गिगाहर्ट्झहून जास्त ठोक्यांच्या पेंटियम-४ ला बहुतेक कामांत मागे टाकत होता, आणि वीजही कमी खात होता. म्हणून तुलना करायची ती आपल्या कामावर. गेम खेळायचे असतील तर गेमवर, चित्रफिती कापायच्या असतील तर त्यावर, हिशोब लिहायचा असेल तर हिशोबावर.

दुसरी गोष्ट, विजेची पेटी घेताना हात आखडू नका. बाहेर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते. ते वाचू नका, बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रांगेत १५ अँपियर लिहिले असेल, तर १२ गुणिले १५, म्हणजे त्या रांगेवर १८० वॅटच मिळणार. आणि आजच्या यंत्रांचे बहुतेक सगळे काम त्याच रांगेवर चालते. २००४ पासून ‘८० प्लस’ नावाचे एक प्रमाणपत्र निघाले आहे. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज यंत्रापर्यंत पोहोचते, उरलेलीच उष्णतेत जाते, असा त्याचा अर्थ. तेवढे तरी पाहून घ्या. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा यंत्रात नसतो; भिंतीतल्या खटक्याला अर्थिंग नसते. आधी वायरमनला बोलवा.

तिसरी गोष्ट, जागेचा विचार करा. परदेशातल्या वातानुकूलित खोलीत घेतलेले आकडे आपल्या पत्र्याखाली लागू पडत नाहीत. यंत्र जमिनीवर ठेवू नका. पुढून हवा आत, मागून बाहेर, आणि आत येणारी हवा गाळून. हे शहाणपण मागावर काम करणाऱ्या माणसाला होते, ते आपल्याला का नसावे?

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र घेताना विचारा, यातला एखादा भाग उद्या गेला तर शेजाऱ्याकडचा बसेल का? आणि माझा त्याला बसेल का? २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यावर, २०२२ मध्ये निघालेला प्रोसेसरही बसला. अशा यंत्राला मी गुण देतो. उलट अनेक लॅपटॉपमध्ये आता रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते. ती काढता येत नाही, वाढवता येत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले, तेव्हा ज्यांच्या जुन्या यंत्रात एखादी खाच रिकामी होती आणि मित्राकडे एखादी जादा पट्टी होती, त्यांचे काम भागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही संपला. चालती यंत्रे त्यामुळे भंगारात टाकायची गरज नाही. त्यावर लिनक्स घालून ती शाळेतल्या मुलांना देता येतात. आमच्याकडे आम्ही तशी काही दिली आहेत.

आणि शेवटची गोष्ट, तुलना जरूर करा, पण ती एकत्र बसून करा. आम्ही चौघे आपापल्या घरी बसून आकडे मोजत राहिलो असतो, तर ताईची ती फाइल दुसऱ्या कोणाच्याच डिस्कवर गेली नसती. यंत्रे शेजारीशेजारी ठेवली म्हणून एकाच्या आत काय आहे ते दुसऱ्याला माहीत होते. कोणाचा एसएमपीएस कोणाला चालेल, हे अंधारातही सांगता येत होते.

मामांची ती वही अजून माझ्याकडे आहे. तारीख, काम, तीन आकडे, किंमत असे रकाने. २४ जुलै २००५ च्या ओळीत माझ्या नावापुढे त्यांनी लिहिले आहे, ‘बंद’. त्यानंतरच्या ओळीत तारीख आहे ३१ जुलै. यंत्राच्या रकान्यात त्यांनी चौघांचीही नावे लिहिली आहेत, कामाच्या रकान्यात ‘ताईचा साठा’, आणि नंबराच्या रकान्यात ‘पहिला’.